अणुऊर्जा प्रकल्पातील ‘व्यापारी गुपिते’ आणि आपला माहितीचा अधिकार

सप्टेंबर २०११. फुकुशिमाच्या दुर्घटनेला सहा महिने झाले होते. जपानच्या संसदेतील एका समितीने टोकियो इलेक्ट्रिक पॉवर कंपनीकडे, म्हणजे टेपकोकडे, एक साधी गोष्ट मागितली. अणुभट्टीत मोठा अपघात झाला तर कर्मचाऱ्यांनी काय करायचे, याची पुस्तिका. कंपनीने पाने पाठवली, पण जवळजवळ सगळ्या ओळींवर काळी शाई फासलेली होती. कारण काय, तर बौद्धिक संपदा आणि प्रकल्पाची सुरक्षा. लाखाहून जास्त माणसे घरदार सोडून बाहेर पडलेली, आणि त्यांच्या लोकप्रतिनिधींच्या हातात ही काळी पाने! पुढे सरकारी नियामक संस्थेने आदेश काढून पुस्तिका मागवली आणि ऑक्टोबरमध्ये तिचा बराचसा भाग लोकांसमोर ठेवला. वीज पूर्णपणे आणि दीर्घकाळ गेली तर काय करायचे, याची पुरेशी तयारी त्या पुस्तिकेत नव्हती, हे तेव्हा उघड झाले. ही उणीव म्हणजे कोणत्या कंपनीचे व्यापारी गुपित?

हा प्रसंग आज आठवण्याचे कारण आपल्याकडचे आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाचा नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुनुकसान भरपाई कायदा, दोन्ही त्याने रद्द केले. आजवर अणुवीज केंद्र सरकारच्या कंपन्यांच्या हातात होती, ती आता खासगी कंपन्यांना खुली झाली. २०४७ पर्यंत १०० गिगावॉट अणुवीज उभी करायची असे सरकारचे उद्दिष्ट आहे. चर्चा झाली ती बहुतेक भरपाईची मर्यादा किती आणि पुरवठादार कंपनी जबाबदारीतून सुटली का यावर. ती व्हायलाच हवी होती. पण याच कायद्यात काही प्रकारची माहिती ‘निर्बंधित’ ठरवण्याचा आणि ती माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला आहे, त्यावर आपल्या गटांमध्ये फारसे कुणी बोलताना आम्हाला दिसले नाही.

सरकारी कंपनी होती तेव्हा ‘देशाची सुरक्षा’ हे उत्तर मिळायचे. खासगी कंपनी आली की त्याच्या जोडीला ‘व्यापारी गुपित’ हे उत्तर येणार. दोन्ही उत्तरांचा परिणाम एकच असला तरी कायद्याच्या दृष्टीने ती दोन वेगळी कुलपे आहेत, आणि दुसऱ्या कुलपाची किल्ली अजून आपल्या हातात आहे. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

आधी हे स्पष्ट करू की गुपित ही गोष्टच खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. अणुभट्टी बांधायची तर कंपनीला नियामक संस्थेकडे हजारो पानांची कागदपत्रे द्यावी लागतात. त्यांत मुख्य दोन. पहिला जागेच्या मूल्यांकनाचा अहवाल: भूकंप, वादळ, पूर, समुद्राची लाट, आसपासची लोकसंख्या, पाण्याची सोय. दुसरा सुरक्षा विश्लेषण अहवाल: भट्टीची रचना कशी आहे, पाइप फुटला किंवा वीज गेली तर काय होईल, किती किरणोत्सर्ग बाहेर पडू शकेल, कुंपणाजवळच्या माणसाला त्याची किती मात्रा लागेल. या दुसऱ्या अहवालात इंधनाच्या गोळ्या कशा बनवतात, त्यांची मापे किती काटेकोर आहेत, एखादे अवघड वेल्डिंग कोणत्या तापमानाला करतात, उष्णतेचा हिशेब करणारे संगणकी सूत्र काय आहे, अशाही गोष्टी असतात. त्या शोधायला कंपनीने वर्षे आणि पैसा घातलेला असतो. प्रतिस्पर्ध्याला त्या फुकटात मिळू नयेत ही मागणी रास्त आहे. कंपनीचा आणखी एक युक्तिवाद तर जास्त वजनदार आहे: सगळे जाहीर होणार असेल तर कंपन्या नियामकापासूनच माहिती लपवू लागतील, आणि त्यात नुकसान सगळ्यांचे. यावर उत्तर इतकेच की परवाना हवा असेल तर कागद द्यावेच लागतात, ती काही कंपनीची मेहेरबानी नाही.

पण वेल्डिंगचे तापमान आणि कुंपणाजवळच्या माणसाला लागणारी मात्रा या दोन गोष्टी एकाच फायलीत आहेत म्हणून दोन्ही गुपित होतात का? सगळा वाद इथे आहे.

अमेरिकेत याची एक पद्धत बसलेली आहे. तिथल्या अणुनियामक आयोगाकडे कागद देताना कंपनीला काही भाग गुप्त ठेवायचा असेल, तर नेमका कोणता मजकूर आणि का, हे शपथपत्रावर सांगावे लागते. ही माहिती खरोखर गुप्त ठेवली जाते का, ती बाजारात आधीच उपलब्ध आहे का, ती मिळवायला किती खर्च आला, उघड झाली तर स्पर्धेत काय नुकसान होईल, अशा प्रश्नांवर आयोग निर्णय घेतो. मुख्य म्हणजे कंपनीला दोन प्रती द्याव्या लागतात, एक पूर्ण आणि एक लोकांसाठी. लोकांच्या प्रतीत गुप्त मजकुराच्या जागी चौकटी कंस असतात आणि आत रिकामी जागा. म्हणजे किती आणि कुठे लपवले आहे हे तरी वाचणाऱ्याला दिसते. गुप्ततेचा दावा मान्य झाल्यावरही लोकांचा जाणण्याचा हक्क जास्त वजनाचा वाटला तर माहिती उघड करण्याची मुभा आयोगाला आहे. वेस्टिंगहाऊस कंपनीच्या एपी-१००० अणुभट्टीचा रचनेचा जाडजूड दस्तऐवज अशाच रीतीने आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला मिळतो. आंध्रातील कोव्वाडाला ज्या सहा अणुभट्ट्या बसवण्याचे चालले आहे, त्या याच.

अमेरिका म्हणजे पारदर्शकतेचा स्वर्ग आहे असे कुणी समजू नये. ९/११ नंतर तिथेही पुष्कळ कागद बंद झाले. २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात व्यापारी माहिती गुप्त ठेवण्याची कसोटी बरीच सैल केली. ‘मोठे नुकसान होईल’ हे दाखवण्याची गरज उरली नाही. तो खटला अणुऊर्जेचा नव्हता, किराणा दुकानांच्या आकडेवारीचा होता. तरी चौकटी कंसाची रीत टिकून आहे.

ब्रिटनचे उदाहरण महाराष्ट्राला आणखी जवळचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा ईपीआर अणुभट्ट्या, एकूण ९९०० मेगावॉट, बसवायचे ठरले आहे. फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये त्याचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. हीच ईपीआर ब्रिटनमध्ये हिंकली पॉइंटला उभी राहत आहे. तिथे परवान्याआधी रचनेची तपासणी झाली तेव्हा ईडीएफ आणि अरेवा या कंपन्यांनी बांधकामपूर्व सुरक्षा अहवाल, गुप्त भाग वगळून, संकेतस्थळावर ठेवला आणि कुणाही नागरिकाला त्यावर प्रश्न विचारता आले. डिसेंबर २०१२ मध्ये त्या रचनेला मान्यता मिळाली. कंपनीचे त्यात काही बुडाले नाही. मग माडबन, मिठगवाणे, साखरी नाट्याच्या माणसाने याच भट्टीचा अहवाल मागितला तर तो परदेशी पुरवठादाराचे गुपित कसा ठरेल?

आता आपल्याकडे काय झाले ते पाहू. तमिळनाडूतील कुडनकुलमच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचे सुरक्षा विश्लेषण आणि जागेच्या मूल्यांकनाचे अहवाल तिथल्या आंदोलनाचे नेते एस. पी. उदयकुमार यांनी माहिती अधिकारात मागितले. एनपीसीआयएलने नकार दिला. त्यासाठी दोन कलमे पुढे केली, ८(१)(ए) म्हणजे देशाची सुरक्षा आणि ८(१)(डी) म्हणजे व्यापारी गुपित. रचना रशियन पुरवठादाराची आहे, असे सांगण्यात आले. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगात गेले. ३० एप्रिल २०१२ रोजी माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी आदेश दिला: पुरवठादाराच्या रचनेचे खास तपशील वगळा आणि बाकीचे दोन्ही अहवाल अर्जदाराला द्या, शिवाय संकेतस्थळावरही टाका. गुपिताचे संरक्षण त्यांनी नाकारले नाही, त्याला त्याच्या जागी बसवले. एनपीसीआयएल दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सुरक्षा अहवालाच्या आदेशाला स्थगिती मिळवली.

पुढच्या वर्षी, एप्रिल २०१३ मध्ये, त्याच प्रकल्पातले चार व्हॉल्व्ह तपासणीत सदोष आढळल्याचे अणुऊर्जा नियामक मंडळाला, म्हणजे एईआरबीला, सांगावे लागले. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १५ निर्देश देऊन प्रकल्प सुरू करायला परवानगी दिली. भट्टी सुरू झाली.

इथे एक तुलना सांगावीशी वाटते. त्याच एप्रिल महिन्यात, त्याच आयुक्तांनी आणखी एक आदेश दिला होता, पश्चिम घाटावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल खुला करण्याचा. पर्यावरण मंत्रालय त्याही विरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेले. पण मे २०१२ मध्ये न्यायालयाने मंत्रालयाची याचिका फेटाळली आणि अहवाल लोकांना मिळाला. म्हणून आज आपल्या कोकणातला तरुण त्यातल्या तालुक्यांची नावे दाखवून भांडू शकतो, अहवाल पटो न पटो. कुडनकुलमच्या मच्छिमाराला भांडायला असा कागद नाही.

‘नियामक मंडळ पूर्ण अहवाल वाचते ना, मग लोकांनी वाचायची गरज काय?’ हा प्रश्न आम्हाला आपल्याच काही अभियंता मित्रांनी विचारला. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर दोन ठिकाणी सापडते.

पहिले फ्रान्समध्ये. ल क्रूझो इथल्या कारखान्यात अणुभट्ट्यांचे अवाढव्य पोलादी भाग घडवले जातात. एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने जाहीर केले की फ्लामाँव्हीलच्या ईपीआरच्या मुख्य पात्राचे झाकण आणि तळ यांच्या पोलादात काही जागी कार्बन प्रमाणापेक्षा जास्त आहे. जुन्या फायली उघडल्या तेव्हा त्याहून वाईट निघाले. मे २०१६ मध्ये समजले की १९६५ पासूनच्या सुमारे ४०० भागांच्या नोंदींमध्ये गडबड आहे आणि त्यांपैकी ५० च्या आसपास भाग चालू अणुकेंद्रांमध्ये बसवलेले आहेत. काही फायलींवर कारखान्यातच रेघा मारून खुणा केलेल्या होत्या, म्हणजे आतल्यांना ठाऊक होते. नियामक सक्षम, देश श्रीमंत, अणुऊर्जेचा अनुभव मोठा, तरी पन्नास वर्षे हे कागद त्या कारखान्याबाहेर कुणी पाहिले नाहीत. फ्लामाँव्हीलची भट्टी शेवटी, झाकण पुढे बदलण्याच्या अटीवर, मंजूर झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिची वीज जाळ्यात आली. बांधकाम सुरू झाले होते २००७ मध्ये.

दुसरे उत्तर आपल्या मुंबईत, अणुशक्तीनगरात. एईआरबीचे माजी अध्यक्ष डॉ. ए. गोपालकृष्णन यांच्या काळात, १९९५ मध्ये, देशातल्या अणुकेंद्रांच्या सुरक्षेचा एक अहवाल तयार झाला. त्यात सुमारे १३० त्रुटी नोंदवल्या होत्या आणि त्यांतल्या ९५ तातडीच्या होत्या. अहवाल गोपनीय ठरवला गेला. पीयूसीएल आणि इतरांनी तो मिळावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली, तिथे हरले. जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही १९६२ च्या कायद्यातले गुप्ततेचे कलम १८ वैध ठरवले. म्हणजे नियामकाने स्वतः शोधलेल्या त्रुटीसुद्धा लोकांपर्यंत पोहोचल्या नाहीत. त्यात तर कुणा परदेशी कंपनीचे गुपितही नव्हते. २०१२ मध्ये कॅगने आपल्या अहवालात एईआरबीच्या स्वायत्ततेवर आणि अधिकारांवर स्पष्ट बोट ठेवले. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला आहे, ही चांगली गोष्ट आम्ही नाकारत नाही.

२००५ नंतर चित्र बदलले होते, कारण माहिती अधिकार कायद्याचे कलम २२ जुन्या सगळ्या गुप्ततेच्या कायद्यांवर मात करत होते, अगदी शासकीय गुपिते कायद्यावरही. कुडनकुलमचा आदेश त्यामुळेच शक्य झाला. आता नव्या कायद्याने हा क्रम उलटा केला आहे. मोठी लढाई त्या तरतुदीशी आहे आणि ती कधी तरी न्यायालयातच होईल. पण ‘निर्बंधित’ घोषित नसलेल्या कागदांवर व्यापारी गुपिताचा शिक्का मारला जाईल, तिथे आजही माहिती अधिकार कायदाच लागू आहे आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा धारदार आहे.

शिष्यवृत्ती, वसतिगृह, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यातला तपास, विशेष घटक योजनेचा पैसा यांसाठी आपल्यातल्या अनेकांनी अर्ज टाकले आहेत. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ हे छापील उत्तरही अनेकांनी घेतले आहे. कलम ८(१)(डी) तेच आहे, फक्त समोरचा पक्ष मोठा आहे. हे कलम नीट वाचा. नुसते ‘व्यापारी गुपित’ म्हणून भागत नाही. माहिती दिल्याने त्रयस्थ कंपनीच्या स्पर्धेतील स्थानाला बाधा येईल हे दिसावे लागते, आणि व्यापक जनहित असेल तर तरीही माहिती देता येते. कलम १९(५) सांगते की नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर आहे, अर्जदारावर नाही. कलम १० प्रमाणे गुप्त भाग वेगळा काढून उरलेला देता येतो. कलम ११ प्रमाणे कंपनीला नोटीस द्यावी लागते आणि तिचे म्हणणे ऐकावे लागते. ऐकणे म्हणजे मानणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या प्रकरणात बँकांचे तपासणी अहवाल लोकांपासून दडवायला नकार दिला. नियामकाचे कर्तव्य जनतेशी आहे, ज्यांची तपासणी करायची त्यांच्याशी विश्वासाचे नाते सांगून माहिती झाकता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. बँकेला लागू होते ते अणुनियामकाला का नाही, असा प्रश्न अपिलात जरूर मांडावा.

कलम ११ मध्ये मात्र एक खाच आहे. ‘कायद्याने संरक्षित’ व्यापारी गुपिते असतील तर जनहिताचा तराजू तिथे चालत नाही. भारतात व्यापारी गुपितांचा स्वतंत्र कायदा अजून नाही. करार आणि न्यायालयांचे निकाल यांवर ते संरक्षण उभे आहे. मार्च २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८९ व्या अहवालात असा कायदा करण्याची शिफारस केली, आणि त्यात जनहित व गैरप्रकार उघड करणाऱ्यांसाठी अपवादही सुचवले. तो कायदा येईल तेव्हा हे अपवाद टिकतात का, यावर लक्ष ठेवायला हवे. कामगार संघटना, पर्यावरणवाले, ग्राहक पंचायती, सगळ्यांशी यात हातमिळवणी होऊ शकते.

कुणी म्हणेल, आपल्या समाजापुढे इतके प्रश्न असताना अणुभट्टीच्या फायली कशाला? बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळले तेव्हा वीज आणि पाण्याचे नियोजनही त्यांच्याकडे होते. वीज हा विषय आपल्याला परका नाही, आणि विजेला आमचा विरोधही नाही. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. जैतापूरच्या आंदोलनात एप्रिल २०११ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला. प्रकल्पाजवळ राहतो तो, कंत्राटावर आत साफसफाईला जातो तो, आणि कागद वाचायला मिळत नाही तोही बहुधा एकच माणूस असतो.

म्हणून सुरुवात लहान करता येईल. एईआरबीचे कार्यालय अणुशक्तीनगरातच आहे, मानखुर्द-चेंबूरच्या आपल्या वस्त्यांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. केंद्राच्या नियमांनुसार अर्जाची फी १० रुपये, शब्दमर्यादा ५००, ऑनलाइनही देता येतो. अर्जात पूर्ण सुरक्षा अहवाल मागू नका, ते नाकारायला सोपे जाते. विचारा की अमुक प्रकल्पाच्या अर्जदार कंपनीने कोणकोणत्या कागदांवर व्यापारी गुपिताचा दावा केला आहे, त्या कागदांची यादी द्या. दाव्यासोबत कंपनीने दिलेली कारणे द्या. दावा तपासून मंडळाने घेतलेला निर्णय आणि टिपणी द्या. गुप्त भाग वगळलेली प्रत तयार केली आहे का, असल्यास तीच द्या, नसल्यास कलम १० प्रमाणे तयार करून द्या. बाहेरून वीज पूर्णपणे गेली तर भट्टी किती तास थंड ठेवता येते, आणि अपघातात कुंपणाजवळ किती मात्रा अपेक्षित आहे, हे दोन आकडे वेगळे मागा. एपी-१००० ची कंपनी आपल्या जाहिरातीत ७२ तासांचा आकडा अभिमानाने सांगते. जाहिरातीत चालतो तो आकडा उत्तरात गुपित कसा होईल, हे जनमाहिती अधिकाऱ्याला लिहून द्यावे लागेल. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला तर ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरे.

अर्ज मराठीतही चालतो, कायद्यात तशी सोय आहे. मिळणारे कागद मात्र बहुधा इंग्रजीत येतील आणि ते बोजड असतील. आपल्या वसतिगृहांमध्ये आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांमध्ये ते वाचू शकणारी मुले-मुली आहेत. पहिल्या उत्तरासोबत जी काही पाने हाती येतील, त्यांचा मराठी सारांश काढून तो साखरी नाट्याच्या जेटीपर्यंत पोहोचवण्याचे काम त्यांनी अंगावर घ्यावे. कंसातली रिकामी जागा जिथे असेल, ती तशीच रिकामी छापावी.